त्यावर एक आला तर?

लिफ्टमध्ये शिरण्याआधी मोहिते पाटी वाचतात आणि आतली डोकी मोजतात. "आठ माणसं. नववा आला तर?" आतले आठ जण बावरून एकमेकांकडे बघतात. नववे मोहितेच असतात. मग ते जिन्याने पाच मजले चढतात.

रबाळ्याच्या आमच्या कंपनीत आम्ही शेजारी बसतो. ते साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, सीवूड्सला एकटेच राहतात. प्रोग्राम तपासणं हे त्यांचं काम आणि तोच त्यांचा आजार. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी केटररला गाठलं. "दोनशे ताटं? अन् दोनशे एकावा आला तर?"

"काका, तुमी आधी जेवून घ्या," केटरर म्हणाला. मी पोट धरून हसलो. आता ते आठवून लाज वाटते.

उरणजवळच्या एका यार्डात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनला आमचं सॉफ्टवेअर होतं. वजन बत्तीस हजार किलोंवर गेलं की भोंगा वाजायचा. वजन मोजणारा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला, भोंगा वाजवणारा दुसरीत. पहिला शून्यापासून पासष्ट हजारांपर्यंत मोजायचा. दुसऱ्याची निम्मी जागा उणे आकड्यांसाठी राखलेली. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढचं वजन तो उणे वाचायचा. म्हणजे तेहतीस हजारांचा कंटेनर त्याच्या लेखी रिकाम्याहून हलका. ओझं थोडं जास्त झालं तर भोंगा ओरडणार. फार झालं तर गप्प.

ही चाचणी माझ्याकडे होती. एवढा जड कंटेनर येतोच कुठे, म्हणून मी ती केली नाही. फॉर्मवर 'तपासलं' लिहून सही ठोकली.

तीन महिन्यांनी जुने फॉर्म चाळताना मोहित्यांनी विचारलं, "यात जास्तीत जास्त किती घातलं होतंस?"

मी फॉर्म माझ्याकडे ओढला. त्यांनी यार्डात फोन लावून क्रेन चालवणाऱ्या पाटलांना फोनवर घेतलं. पाटील म्हणाले, "भंगाराचा येतो ना कदी कदी, लय जड. पन भोंगा नाय वाजत, म्हंजे बरोबरच आसल ना?"

"पाटील, आता क्रेनवर चढायचं नाही. आम्ही येईपर्यंत काही उचलायचं नाही."

दुपारपर्यंत मोहित्यांनी दुसऱ्या प्रोग्रामला मोठा आकडा मावेल अशी जागा करून दिली. उणे वजन दिसलं तर क्रेनच थांबेल, हेही घातलं. उरणच्या वाटेवर मी म्हणालो, "काका, मी ती चाचणी..."

"आधी भोंगा," ते म्हणाले.

यार्डात त्यांनी एकेका माणसाला नाव विचारून क्रेनखालून लांब नेलं. पाटील वर चढले. भंगाराचा कंटेनर जमिनीवरून जेमतेम वीतभर सुटला. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही.

मग भोंगा वाजला.

पाटील उतरले तशी मी त्यांना सगळं सांगितलं, सहीचंही. ते वर आपल्या केबिनकडे बघत राहिले. "म्हंजे तीन म्हयने मी..."

मोहित्यांनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"सोरा काका, चाय घेतो जरा," पाटील हळूच म्हणाले.

त्यांनी सोडलं. मला वाटलं, आता माझी बोलणी खायची पाळी. मी मान खाली घातली. मोहित्यांनी माझाही हात तसाच दोन्ही हातांनी धरला आणि ते सोडेनात.