विल्बर्नची काळी टाकी

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी विल्बर्न कुबेनाच्या शेडमध्ये पुढील गोष्टी होत्या: पाचशे गॅलनची गॅसची जुनी टाकी एक, रिकामी, अर्धा इंच जाडीचे पोलादी पत्रे चार, बोट विकल्यावर मागे राहिलेला ट्रेलर एक, तेलाच्या कामावरून उरलेला सहा इंची पाइप अकरा फूट, वेल्डिंगचं यंत्र एक, खुर्च्या दोन. त्यातल्या एका खुर्चीवर सात महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. विल्बर्न ती दर शनिवारी पुसत असे.

ती खुर्ची लोरीनची होती. चौतीस वर्षं ती संध्याकाळी शेडमध्ये येऊन बसायची, दिवसभराचं काय काय सांगायची, आणि विल्बर्न वेल्डिंगच्या मुखवट्याआडून "हं" म्हणायचा. जानेवारीत ती रॉकपोर्टला बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन आठवड्यांचा प्रश्न होता. गुडघा एप्रिलमध्ये ठणठणीत झाला. लोरीन आली नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. दर रविवारी सहा वाजता ते फोनवर पावसाबद्दल बोलत. दोघांनाही एकमेकांच्या गावचा पाऊस इंचाच्या दशांशापर्यंत ठाऊक होता. बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी लोरीनच्या थोरल्या भावाचा, एड्विन यानाकचा फोन आला.

"विल्बर्न, यंदाच्या मेळाव्याची पंचाईत झाली बघ. आमच्या स्मोकरचा तळ गंजून पडला, आता धुरावर मांस भाजायचं कशात? दोनशे यानाक जेवायला यायचे. तुझ्या ओळखीत कुणाकडे मोठा स्मोकर आहे का रे?"

"लोरीन येणारेय?"

"न येऊन काय करेल? बटाट्याचं सॅलड तिच्याकडेच असतं."

"मग माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"स्मोकर."

"तू कधी घेतलास?"

"आहे," विल्बर्न म्हणाला आणि फोन ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ते लवकरात लवकर खरं करून टाकणं हा एकच उपाय त्याला सुचला.

उरलासुरला गॅस निघून जावा म्हणून टाकी त्याने तीन दिवस पाण्याने भरून ठेवली. वेल्डर म्हातारा होतो तो अशा सवयींमुळेच. मग ती आडवी करून ट्रेलरवर चढवली, कुशीत दोन दारं कापली, आत जाळ्या बसवल्या, एका टोकाला धुराडं लावलं आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे ट्रेलरच्या पार मागे, अर्ध्या इंची पत्र्याची भट्टी जोडली. भट्टीशेजारी लाकडं रचायला लोखंडी घोडी केली. आगीपाशी लाकूड हाताशी हवं, ही साधी गोष्ट होती. सगळं वेल्ड केलं. बोल्ट एकही नव्हता.

"भट्टीला तरी बोल्ट लाव," शेजारचा हॉलिस टीग म्हणाला. हॉलिसने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि आता त्याचं वजन दोनशे बासष्ट पौंड होतं. तो रोज आपली घडीची खुर्ची घेऊन यायचा; लोरीनच्या खुर्चीत बसायची परवानगी त्याला नव्हती. "उद्या काढायची, सरकवायची वेळ आली तर?"

"बोल्ट म्हणजे आपल्याच वेल्डिंगवर आपला भरवसा नाही, अशी पाटी लावल्यासारखं असतं."

"बरं बाबा. पण एवढं धूड कशाला? दोनशे माणसं म्हणजे निम्मी पोरंटोरं. ती काय खाणार?"

"मागे उरायला हवं."

"कशाला?"

"उरलं की लोक डबे भरत बसतात. लगेच जात नाहीत."

हॉलिसने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच सल्ला दिला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, मेळाव्याच्या आदल्या दिवशी, विल्बर्नने घरच्या अंगणातच भट्टी पेटवली. जाळ्यांवर ब्रिस्केटचे, म्हणजे गुरांच्या छातीच्या मांसाचे, बत्तीस तुकडे होते. आच इतकी एकसारखी राहिली की रविवारी सकाळी सात वाजता सुई मांसात लोण्यात शिरावी तशी शिरत होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. उरलं होतं ते बावीस मैलांवर, मेळाव्याच्या जागी, वेसेलीच्या हॉलपर्यंत नेणं.

लाकडाशिवाय जायचं नाही, हा या भागातला अलिखित नियम आहे. घोडी रिकामी दिसली की लोक म्हणतात, याचं लाकूड संपलं म्हणून याने मांस लवकर काढलं. म्हणून विल्बर्नने आणि हॉलिसने घोडीवर नऊशे पौंड ओक रचला. मग विल्बर्नने ट्रेलरच्या दांड्याखालचा टेकू काढला आणि पिकअप मागे घेतली. दांडा पिकअपला जोडला तेव्हा पिकअपचं मागलं अंग खाली दबायला हवं होतं. ते हललंसुद्धा नाही.

विल्बर्नने न्हाणीघरातला लोरीनचा वजनकाटा आणला. फळी अशी टाकली की दांड्याचं निम्मं वजन काट्यावर यावं. काट्याने एकवीस दाखवलं. दुप्पट बेचाळीस.

"किती हवं?" हॉलिसने विचारलं.

"चारशे साठ. सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा."

"थोडंसंच चुकलंय."

"भट्टी मागे आणि लाकूडही मागे. ट्रेलर पुढून हलका झाला. रस्त्यावर शेपटासारखा हलणार."

"भट्टी पुढे सरकव मग."

विल्बर्नने भट्टीच्या वेल्डवरून हात फिरवला. हॉलिसने दयाळूपणे बोल्टचं नाव काढलं नाही. निदान मिनिटभर.

शेवटी दांड्यावर, टाकीच्या तोंडाशी, हॉलिसची घडीची खुर्ची दोरीने बांधण्यात आली आणि खुर्चीत हॉलिस. सोबत कोंबड्यांच्या खाद्याची एक गोणी. काटा आणि फळी पिकअपमध्ये गेली.

"मी आत्ता नेमका कोण आहे?" हॉलिसने विचारलं.

"वजन."

"लग्नात बायकोही हेच म्हणाली होती. चल."

आठ वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. धुकं दाट होतं, म्हणून विल्बर्नने दिवे लावले. ताशी बारा मैलांपर्यंत ट्रेलर गुणी वागत होता. ताशी तेरा झाले की तो डोलायला लागायचा आणि मागून हॉलिस येशूचं नाव घ्यायचा. त्यामुळे वेग बारा ठरला. रस्ता वळणांचा, धुक्यात पुढे जाण्याची सोय नाही; दोन मैलांत मागे सहा गाड्या जमल्या. सगळ्यांचे दिवे लागलेले. सगळे दहाच्या प्रार्थनेला निघालेले, म्हणजे काळे कोट, पांढरे सदरे, बायकांच्या डोक्यावर हॅट.

समोरून पहिला ट्रक आला. तो चालवणाऱ्याला धुक्यातून दिसलं ते असं: संथ पिकअप, तिच्यामागे लांबलचक काळी पेटी, पेटीपुढे मान खाली घालून बसलेला एक दुःखी माणूस आणि मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग. तो रस्त्याच्या कडेला थांबला, खाली उतरला आणि त्याने हॅट काढून छातीशी धरली. इथे कुणाचीही अंत्ययात्रा दिसली की असंच करतात, ओळख असो वा नसो.

"विल्बर्न!" हॉलिस ओरडला. "तो माणूस मला मान देतोय!"

"हात कर त्याला!"

हॉलिसने हात केला. माणसाने डोळे पुसले.

त्यानंतर गोष्टी आपोआप घडत गेल्या. कडेला थांबलेले काहीजण वळून रांगेच्या शेवटी लागले, शेजारधर्म आहे. मागून येणाऱ्यांनी पुढच्यांचं पाहून दिवे लावले; अंत्ययात्रेत इथे तशीच रीत आहे. अंत्ययात्रेला ओलांडून जाणं इथे दरोड्याहून वाईट समजतात, त्यामुळे धुकं विरळ झाल्यावरही कुणी पुढे गेलं नाही. आठव्या मैलाला शेरीफचा डेप्युटी गिलेस्पी भेटला. त्याने फार विचारपूस केली नाही. अशा वेळी करतही नाहीत. गाडीवरचा दिवा लावून तो सर्वांत पुढे झाला आणि चौकाचौकात वाहतूक थांबवू लागला.

फाट्यावर मिसेस ओर्साकचं दुकान आहे. तिने खिडकीतून विल्बर्नची पिकअप ओळखली, पेटी पाहिली, गाड्या मोजल्या, बेचाळीस भरल्या, आणि हॉलवर एड्विनला फोन लावला.

"एड्विन, तुमचा विल्बर्न गेला रे."

"गेला म्हणजे? तो मांस घेऊन येतोय."

"मी काय आंधळी आहे? त्याचीच गाडी, त्याचा मित्र रडतोय, पुढे डेप्युटी. आणि पेटी लोखंडी, तिच्यातून धूरसुद्धा निघतोय! बिचारा. वेल्डर माणूस, शेवटची पेटीसुद्धा स्वतःच जोडून ठेवली असणार."

"आणि धूर कसला?"

"मी विचारलं नाही. विचारतात का असं?"

एड्विन फोन हातात धरून उभा राहिला. स्वयंपाकघरात लोरीन चाळीस पौंड बटाटे सोलून सॅलड कालवत होती. सकाळपासून तिने तीनदा विचारलं होतं की स्मोकर कुठवर आला, आणि तीनदा पुस्ती जोडली होती की मला आपलं मांस वेळेवर हवं म्हणून विचारतेय. एड्विनने तिला सांगितलं. नंतर तो म्हणायचा की मी नीट बसवून, पाणी देऊन सांगितलं. बायका म्हणायच्या की दारातूनच ओरडला.

लोरीनने हात पुसले नाहीत. एड्विनच्या पिकअपच्या किल्ल्या खुंटीवरून घेतल्या आणि ती निघाली.

साडेनऊला, विल्बर्नच्या घरापासून बरोब्बर सोळा मैलांवर, तिला समोरून डेप्युटीचा दिवा दिसला. ती कडेला थांबली आणि उतरली. डेप्युटी गेला. मग पिकअप आली आणि तिच्या काचेतून विल्बर्न कुबेना, नवा निळा सदरा घालून, दाढी करून, तिच्याकडे बघत होता.

त्याने ब्रेक लावला. मागे बेचाळीस गाड्या थांबल्या.

"लोरीन?"

"तू मेला नाहीस?"

"नाही," विल्बर्न म्हणाला. त्याला वाटलं, एवढं पुरेसं नाही. "काल दोन दशांश इंच पाऊस झाला."

"गाढवा!" लोरीन म्हणाली आणि बटाट्याच्या हाताने तिने त्याच्या नव्या सदऱ्याच्या बाहीवर एक फटका मारला. मग तो हात तिथेच राहिला. "सहा मैल मी कशी आले माझं मला माहीत! मिसेस ओर्साक म्हणाली पेटी. ही कसली पेटी?"

"स्मोकर."

"कुठून आणलास?"

"बनवला."

"कशाला? तुला तर ब्रिस्केट दातात अडकतं."

"एड्विन म्हणाला की..."

"मुखवटा वर कर, विल्बर्न."

त्याने मुखवटा घातलेला नव्हता. तरी त्याचा हात कपाळाकडे गेला.

"तू येणार होतीस ना," तो म्हणाला. "म्हणून."

मागून हॉलिस म्हणाला, "मी उतरू का? का अजून वजनच आहे?"

लोरीन टाकीला वळसा घालून आली. तिचे वडील जन्मभर गुरं वाहायचे. गुरांचा ट्रेलर भरायला ती आठव्या वर्षी शिकली होती. तिने भट्टी पाहिली, घोडी पाहिली, हॉलिसची खुर्ची पाहिली.

"एवढं लाकूड मागे का ठेवलंय?"

"आगीपाशी हाताशी असावं म्हणून," विल्बर्न म्हणाला.

"आग चालत्या गाडीत कोण सारणारेय? पिकअपच्या हौद्यात टाका की सगळं."

विल्बर्नने हॉलिसकडे पाहिलं. हॉलिसने धुक्याकडे पाहिलं. नऊ आठवडे दोन माणसं त्या यंत्राभोवती फिरली होती.

काळे कोट घातलेली माणसं एव्हाना गाड्यांतून उतरून हॅट हातात धरून जवळ आली होती. कुणाला खांदा द्यायचा आहे का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. लोरीनने त्यांना ओकचे ओंडके दिले. ते त्यांनी दोघा-दोघांनी, पावलाला पाऊल जुळवून, न बोलता पुढच्या हौद्यात नेऊन ठेवले. एक म्हातारा डेप्युटीला म्हणाला, "पेटीत आहे तरी कोण?" डेप्युटीने टाकीचं दार चार बोटं उघडून आत पाहिलं, वास घेतला आणि दार हळूच लावलं. "बत्तीस जण आहेत," तो म्हणाला. "माझं ऐका, रांग सोडू नका."

विल्बर्नने दांडा सोडवला, फळी टाकली आणि लोरीनचा काटा मांडला. हॉलिस आणि गोणी खाली होती.

"दोनशे सव्वीस," लोरीनने वाकून वाचलं. "दुप्पट चारशे बावन्न. आणि लाकूड उतरल्यावर तीनशे सत्तर पुरतात. हवं तर ताशी चाळीसनेही जाईल हा."

"जाईल," विल्बर्न म्हणाला.

हॉलिस एड्विनची पिकअप घेऊन रांगेत लागला. लोरीन विल्बर्नशेजारी बसली. तिने आरशात मागे पाहिलं.

"एवढी माणसं. कुणी भोंगासुद्धा वाजवत नाही."

"अंत्ययात्रेत वाजवत नाहीत."

"रॉकपोर्टला रात्री फार वारा असतो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून सांग," विल्बर्न म्हणाला आणि गाडी सुरू केली.

वेसेलीचा हॉल तिथून सहा मैलांवर होता. ते नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी निघाले आणि अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी पोहोचले.