केसभर भेग आणि तिचा फोटो

चाकणच्या एका कारखान्यात दुचाकीच्या ब्रेकच्या लिव्हरवर केसभर भेग आढळली. बाब गंभीर होती, कारण दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीसमोर प्रेझेंटेशन होते.

क्वालिटीतल्या निरंजनने भेगेचा फोटो काढून स्लाइडवर लावला. माल थांबवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. पण फाइल इतकी जड झाली की कंपनीच्या मेलमधून ती जाईचना.

"पीएनजी कशाला लावलंस?" क्वालिटीप्रमुख गव्हाणे साहेबांनी विचारले.

"सर, पीएनजीत सगळं जसंच्या तसं राहतं. जेपीजी फाइल हलकी करायला बारीक तपशील खाऊन टाकते. भेग दिसायची नाही."

गव्हाणे साहेब सावरून बसले. दोष घालवण्याचा इतका स्वस्त उपाय त्यांना आजवर कुणी सांगितला नव्हता.

फोटोचे जेपीजी झाले. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले, तिथून स्लाइडवर आले, स्लाइडचा स्क्रीनशॉट पुन्हा ग्रुपवर गेला. दर फेरीला भेग बुजत गेली. मग रीतसर सुधारणेची स्लाइड झाली. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. मूळ कारण: पीएनजी. केलेली कारवाई: जेपीजी. दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून कारखान्यात पीएनजीवर बंदी.

"सर, लिव्हर तीच आहे. हात फिरवून बघा, नख अडकतंय."

"नख स्लाइडवर लावता येत नाही, भावा."

प्रेझेंटेशनमध्ये निरंजनने धीर करून लिव्हरच टेबलावर ठेवली. ग्राहक कंपनीच्या विजयश्री मॅडमनी ती हळूच बाजूला सरकवली.

"ही पोर्टलवर अपलोड होणार नाही. फोटो द्या, आणि जरा अजून हलका करून द्या."

बंदी लागू असल्याने 'आधी'चा फोटोही जेपीजी करावा लागला. त्यातही भेग दिसेना. म्हणजे दोष कधी नव्हताच. गव्हाणे साहेबांना शून्य दोषांची ढाल मिळाली, नसलेला दोष दाखवल्याबद्दल निरंजनला मेमो मिळाला, आणि माल वेळेवर रवाना झाला.

निरंजनने आपली दुचाकी विकली. हल्ली तो आकुर्डीहून बसने कामाला येतो. लोक त्याला भित्रा म्हणतात.

तुम्ही दसऱ्याला नवी गाडी घेतलीत ना? हार घातलेला तिचा फोटो ग्रुपवर पाहिला. मुद्दाम मोठा करून ब्रेक बघितला. अगदी गुळगुळीत दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.