शेवटचे दोन फेरे

मेश्रामकाकांची गाडी उन्हात उभी असते आणि त्यांचे पाने-पकडी सावलीत. नागपूरच्या मे महिन्यात माणसं स्वतःच्या अंगणात पाय ठेवत नाहीत, तिथे काकांची गाडी फाटकाबाहेर भाजत असते. गॅरेज आहे, शटर आहे, आत पंखाही आहे. पण तो पंखा हातोड्यांसाठी.

"गाडीले काय होते गा? पत्रा आहे तो. हातोडीचा दांडा लाकडाचा राहते. उन्हानं तडकते."

काका कन्हानकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून. गॅरेजच्या तिन्ही भिंतींवर औजारं टांगलेली, आणि एकावर तरी गंजाचा ठिपका शोधून दाखवा. बहुतेक सगळी भंगारातून उचलून आणलेली. काका त्यांची ओळख मात्र सोयरे असल्यासारखी करून देतात.

"ही पटाशी महाल वस्तीतल्या एका सुताराची. बुढा गेला, पोरं पुण्याले. हिले कोणी विचारेना. म्हटलं, चल वं माह्या घरी."

औजार उसनं मागाल तर मिळणार नाही. "औजार कोणाच्या घरी जात नसते. काम इकडं आणा." म्हणून समोरच्या वानखेड्यांनी एकदा न्हाणीघराचं फुगलेलं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि सकाळीसकाळी दोघांनी धरून रस्त्यापलीकडे नेलं. काकांनी आधी चहा पाजला. मग रंधा कुठून आणला ते सांगितलं. मग रंध्याच्या पात्याला धार लावत बसले. तिकडे वानखेड्यांच्या घरी अख्खं कुटुंब आंघोळीसाठी खोळंबलेलं.

"काका, लवकर करा ना जरा."

"लाकडाले घाई समजते का?"

आता माझं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बापाने विटा वाहिल्या, तेव्हा माझ्या हातात पदवी आली. ती मी फ्रेम करून बैठकीत लावली आहे, दारातून शिरणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी. कोणाला मिरवणं वाटत असेल तर वाटो. पण या फ्रेमच्या मागे ज्या दोन कड्या आहेत, त्यातल्या एकीचा स्क्रू सतत ढिला पडायचा आणि पदवी तिरपी व्हायची. मी फ्रेम काकांकडे न्यायचो. स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो, कुठल्यातरी कानशीची जन्मकथा ऐकायचो, दुरुस्त झालेली फ्रेम घेऊन यायचो. काही दिवसांनी पाहुणे पुन्हा मान वाकडी करून माझी पदवी वाचायचे.

"काकायचा हात गेला आता," बायको म्हणाली. "तुम्ही आपला एक पेचकस आणून घ्या ना."

आणला. स्क्रूला लावला. लाकूड ठीक होतं, आटेही ठीक होते. स्क्रू दोन फेरे सरळ आत गेला आणि गच्च बसला. म्हणजे ते दोन फेरे फिरवायचे बाकी ठेवले होते.

मी वानखेड्यांच्या न्हाणीघराची बिजागरी पाहिली. तिथेही दोन फेरे बाकी. काकांनीच नीट केलेलं आईचं बसायचं स्टूल उलटं केलं. तिथेही तेच. ज्या माणसाला पान्यावर बोटाचा ठसा खपत नाही, तो सगळीकडे नेमके तेवढेच फेरे विसरेल कसा?

पोटात ठेवायची मला सवय नाही. फ्रेम काखेत मारली आणि विचारायला निघालो.

काका शटर वर करून बसले होते. शेजारी थर्मास, दोन कप पालथे घातलेले, समोरचं स्टूल पुसून ठेवलेलं. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "ये गा, बस. या हप्त्यात कोणीच नाही आलं. वस्तीत काहीच बिघडून नाही राहिलं."

काकू होत्या तेव्हा स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंत दिवसभर भांडण चालायचं. औजारांवरून, तेलाच्या डागांवरून, उन्हातल्या गाडीवरून. आम्हाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. त्या गेल्यापासून त्या बाजूने फक्त कानस ऐकू येते.

मी काही बोलायच्या आत काकांनी फ्रेम हातातून घेतली, मांडीवर पालथी केली आणि कडीच्या स्क्रूला पेचकस लावला. स्क्रू हलला नाही. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"कोणी कसला?"

"मी."

"पुरा कसला."

"हो."

त्यांनी पेचकस खिळ्याला टांगला. परत काढला आणि फडक्याने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

"वस्तीत सांगशीन का गा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

येताना मी चांगलं खडसावायचं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. मी पालथे कप सरळ केले आणि थर्मासचं झाकण उघडलं.

"काका, हा जरा जास्तच घट्ट बसला आहे," मी म्हणालो. "दोन फेरे सैल करून द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फ्रेम नीट मांडीवर घेतली.

"दीडच करतो," ते म्हणाले. "डिग्री आहे ते. खाली नाही पडाले पाह्यजे."