अध्यक्षीणबाई तिसऱ्या मजल्यावर

टीव्हीवर राष्ट्रपती दिसले, की आमच्या सोसायटीतले गायधनी अण्णा उठून टीव्हीपाशी जायचे आणि पंजा पसरून राष्ट्रपतींना झाकून टाकायचे. मग पडद्यावर राष्ट्रपतींशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीकडं बोट करून म्हणायचे, "ह्यांच्याकडं बघा. देश ह्या चालवतायत."

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो एका सव्वीस जानेवारीला. आम्ही इंदिरानगरात नुकतेच राहायला आलो होतो, अण्णा ओळख करून घ्यायला आले होते आणि टीव्ही आमचा होता. निम्मं संचलन त्यांच्या पाठीआड गेलं.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "जन्मभर पाटाचं पाणी मोजलं आणि म्हातारपणी राष्ट्राध्यक्षांच्या बायका धरल्या," असं आमचे हे म्हणत. मी त्यांना गप्प बसवायची, पण हसू मलाही यायचं.

अण्णांचं म्हणणं असं, की इतिहास लिहिणारे सगळे अर्धवट. "लिहितात, साहेबांनी करारावर सही केली. अगं वैशाली, पण सहीच्या वेळी चष्मा कुणी शोधून दिला? तो सापडलाच नसता तर कसला करार?" परदेशातला कुणी राष्ट्राध्यक्ष दिल्लीत उतरला, की अण्णा विमानाच्या जिन्यावर नजर लावून बसणार. तो एकटाच उतरला तर म्हणायचे, "हा दौरा फुकट जाणार." बाई मागून उतरल्या आणि त्यांनी वाऱ्यानं उडणारा पदर किंवा टोपी सावरली, की दोन देशांचे संबंध सुधारलेच म्हणून समजा. एखादं युद्ध का झालं, याचं अण्णांकडचं कारण एकच: "त्या सकाळी बाई माहेरी गेलेल्या असणार."

पुढं एक अविवाहित गृहस्थ राष्ट्रपती झाले. सगळा देश आनंदात आणि अण्णा सुतक असल्यासारखे. जिन्यात भेटले तर म्हणाले, "माणूस हिरा आहे गं. पण आता मी बघू कुणाकडं?"

त्यांच्या घरात मात्र बोलणारे ते एकटेच. आम्ही राहायला यायच्या आधीच त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळं काकू कधी खाली आल्याच नाहीत. संध्याकाळी वरून अण्णांचा एकट्याचाच आवाज यायचा. मला वाटायचं, बिचाऱ्या काकू, उठून जाता येत नाही म्हणून ऐकून घेतात.

अशा माणसाला आम्ही सोसायटीचा अध्यक्ष केलं. दुसरं कुणी तयारच नव्हतं. मी सेक्रेटरी. वर्धापनदिनाला खाली पार्किंगमध्ये सत्यनारायण असतो आणि पूजेला अध्यक्ष बसतो. अण्णा सोवळं नेसून, उपरणं घेऊन हजर झाले. पंचवटीहून आलेले गुरुजी घाईत होते. त्यांना पुढं सिन्नरला दुसरी पूजा होती.

"यजमानीणबाई?" गुरुजींनी विचारलं.

"त्यांना जिना उतरता येत नाही," मी म्हटलं.

"मग कमरेला सुपारी खोचा. पत्नीच्या जागी चालते. शास्त्रात सोय आहे."

सगळेच असं करतात. माझ्या सासऱ्यांनीही केलं होतं. पण अण्णांचा चेहरा लाल झाला.

"सोय माणूस नसेल तेव्हाची. माझं माणूस वर बसलंय. पूजा वर न्या."

"अहो, मांडलेली पूजा हलवत नाहीत."

"मांडली कुठं? तुमचा गणपतीच अजून पिशवीत आहे." गुरुजींनी सुपारी पुढं केलेलीच होती. ती त्यांच्या हातात परत ठेवत अण्णा म्हणाले, "देव म्हणून सुपारी चालेल, गुरुजी. बायको म्हणून चालायची नाही."

शेवटी आमच्या ह्यांनी चौरंग उचलला. मागून केळीचे खुंट, समया, शिऱ्याचं पातेलं आणि कुरकुरणारी सगळी सोसायटी जिना चढायला लागली.

वर दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पैठणी नेसून. त्या येवल्याच्या, मागावाल्यांच्या घरातल्या. निऱ्या भलत्याच बाजूला गेल्या होत्या आणि पदर दोन पिनांनी कसाबसा टिकला होता. नेसवणारा कोण ते उघडच होतं. खाली येण्याआधीच अण्णांनी ठरवून ठेवलं होतं तर.

मी निऱ्या नीट करायला वाकले, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "राजकारण वाचून दाखवलं की ही डोळे मिटते गं. पण बाई कुठं बसल्या, साडी कुठली, काठ केवढा, हे सांगितलं की ऐकते. म्हणून मी तेच शोधत बसतो." मी निऱ्यांतून मान वर केली नाही.

गुरुजींनी काकूंची खुर्ची अण्णांच्या उजव्या हाताला घ्यायला लावली. "यजमानीणबाई, यजमानांच्या हाताला हात लावा." काकूंचा उजवा हात हलेना. अण्णांनी डाव्या हातानं तो उचलला आणि आपल्या कोपरावर नेऊन ठेवला.

संकल्प सुरू झाला. यात मंत्र सगळा गुरुजी म्हणतात, यजमानानं फक्त 'मम' म्हणायचं.

"म्हणा, मम."

अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. एवढा बोलका माणूस, ओठ घट्ट मिटून समोरच्या कलशाकडं बघत राहिला.

"म... म," काकू म्हणाल्या.

आवाज जाडसर होता, ओढून काढल्यासारखा. पण दारापर्यंत उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. सिन्नरला जायची घाई असलेले गुरुजी पळी हातात धरून तसेच थांबले.

मग म्हणाले, "बाईंचं पोचलं. तुमचं राहिलंय, यजमान. होऊ द्या सावकाश."