वास्तव्य सिद्ध करणेबाबत

तीन वर्षं दोन महिने प्रतीक्षायादीत काढल्यावर कारकुनाला गृहवाटप कार्यालयाकडून दीड खोलीचं घर मिळालं. घराबरोबर एक किल्ली, नळाचं एक जादा चाक आणि ‘प्रथम गृहधारकांसाठी साधी व सुबक मांडणी’ ही एकतीस सूचनांची पुस्तिकाही मिळाली. किल्ली कुलपात अडकत होती आणि चाक घरातल्या कुठल्याच नळाला बसत नव्हतं. त्यामुळे तिन्हींत पुस्तिका तेवढी कामाची, असं कारकुनाचं प्रामाणिक मत झालं.

कारकून पाणीपुरवठा खात्यात आवक-जावकच्या टेबलावर होता. माणूस इतका नीटनेटका, की शिंक आली तरी आधी रुमालाची घडी सरळ करायचा. त्याची बायको नर्स होती, शस्त्रक्रियागृहात. डॉक्टरांनी न बघता हात मागे केला की अर्ध्या सेकंदात तिने त्यात कात्री ठेवलेली असे. तिने नवऱ्याचं नाव ‘नीटराव’ ठेवलं होतं. पहिले काही महिने ती ते लाडाने म्हणायची.

पुस्तिकेतली पहिली सूचनाच मूलभूत होती: ‘जी वस्तू दिसते तो पसारा, जी दिसत नाही ती मांडणी.’ कारकुनाने एकाच फिक्या रंगाचे चौसष्ट डबे आणले आणि दिसणारी प्रत्येक वस्तू मांडणीत जमा केली. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. पण सूचना क्रमांक चारनुसार चिठ्ठ्या म्हणजे भिंतीवरची गर्दी. म्हणून त्याने त्या काढून झाकणांच्या आतल्या बाजूला चिकटवल्या.

“अरे, म्हणजे चिठ्ठी वाचायला डबा उघडायचा?” बायकोने विचारलं.

“अर्थात.”

“डबा उघडला की आतली वस्तूच दिसेल ना?”

“दिसेल. पण ती अधिकृतपणे तीच वस्तू आहे, हे कळायला नको?”

बायकोने झाकण लावलं. घर नवीन होतं.

पुढच्या सूचना एकीतून एक निघत गेल्या. घड्याळामुळे भिंतीचा मोकळेपणा भंग पावतो, म्हणून घड्याळ तिसऱ्या खणात गेलं. उघड्या दिव्याने छताला किरकोळ रूप येतं, म्हणून दिवे काढून कापसात गुंडाळून ठेवले. ओला टॉवेल तर पुस्तिकेच्या मते ‘घरावरचा कलंक’. तेव्हा बायको रुग्णालयात आंघोळ उरकू लागली आणि कारकून स्वतःचा टॉवेल पिशवीतून कार्यालयात नेऊन फायलींच्या कपाटामागे वाळत घालू लागला. फोडणीचा वास पडद्यांत बसतो म्हणून जेवण खानावळीत. केराचा डबा दिसू नये म्हणून डब्यात ठेवला, आणि मग तो कळकट होऊ नये म्हणून त्यात केर टाकणं थांबवलं. पलंग भिंतीत दुमडून बसायचा. तो उघडल्यावर भिंतीची रेघ बिघडते हे लक्षात आल्यापासून दोघं खाली चटईवर झोपत. सकाळी चटई गुंडाळून चौतीस नंबरच्या डब्यात.

“नीटराव,” एकदा बायको भिंतीला टेकायला जाऊन, डाग पडेल म्हणून परत सरळ होत म्हणाली, “आपल्याला घर मिळालंय की आपण घराला मिळालोय?”

“सवय होईल,” कारकून म्हणाला. एकतिसावी सूचना नेमकी हीच होती.

चौथ्या महिन्यात, सकाळी अकराला, निरीक्षक आले. गृहवाटप कार्यालयाच्या वास्तव्य पडताळणी शाखेकडून. ही शाखा आणि पुस्तिका काढणारी शाखा एकाच मजल्यावर समोरासमोर होत्या, मधला पॅसेज दोन्हीकडचे लोक रोज ओलांडत, पण तो फक्त पाणी प्यायला. घर ज्याला दिलं तोच त्यात राहतो का, हे बघणं निरीक्षकांचं काम. माणूस गोलमटोल आणि हसतमुख. दारात चपला काढताना त्यांनी आत नजर टाकली आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

“इथे राहतं कोण?”

“आम्ही दोघं,” कारकून अभिमानाने म्हणाला.

“ते सगळेच म्हणतात हो. पुरावा?”

“साहेब, आम्ही समोर उभे आहोत की.”

“उभे आहात, मान्य. राहताय असं कुठे दिसतंय?”

निरीक्षकांनी तपासणी सुरू केली. दिवे नाहीत, विजेचा वापर जवळपास शून्य. शेगडी कोरी, न्हाणीघर कोरडं, केराचा डबा डब्यात आणि रिकामा. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं. बोट जसं गेलं तसं परत आलं. अशी स्वच्छ बोटं नोकरीत फार वाईट शंका आणतात.

“अहो, पण तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे केलंय सगळं!” कारकुनाने पुस्तिका काढून दाखवली. म्हणजे दाखवायला गेला. ती कुठल्या डब्यात आहे हे बघायला अकरा झाकणं उघडावी लागली.

“पुस्तिका त्या शाखेची,” निरीक्षक समजुतीने म्हणाले. “आमच्या शाखेला ती अधिकृतपणे माहीत नाही. आमच्याकडे एकच रकाना आहे: घर वापरात आहे किंवा नाही. आता मी काय लिहू, सांगा? लोक खोटं वास्तव्य दाखवतात, घर दुसऱ्याला देतात. तुम्ही तर खोटंसुद्धा दाखवलं नाहीत.” त्यांनी पेन उघडलं. “मी पाचला परत येतो. तोवर वास्तव्याच्या खुणा सादर करा. नाहीतर घर यादीतल्या पुढच्यांना.”

बायकोने खिडकीतून खाली बघितलं. यादीतली पुढची मंडळी फाटकाशी उभी होती. त्यांतल्या बाईंच्या हातात टेप होती आणि त्या डोळे बारीक करून, हवेतच, हिच्या खिडकीला पडदा मोजत होत्या.

“तीन वर्षं!” बायको म्हणाली. “तीन वर्षं त्या कार्यालयाच्या जिन्यात बसून मी डबा खाल्लाय. हे घर गेलं ना नीटराव, तर मी तुला चौसष्टाव्या डब्यात भरीन. आणि चिठ्ठी आतून लावीन.”

कारकून लगेच कामाला लागला. त्याने दोन चपला काढल्या आणि दारापाशी वाकड्या ठेवल्या. दोन्ही सारख्याच वाकड्या. टेबलाच्या बरोबर मध्यावर उष्टा कप ठेवला. उष्टा दिसावा म्हणून त्यात मोजून दोन चमचे चहा ओतला. मग बिस्किटाचा चुरा करून ओळीत मांडला.

“हा पसारा नाही, हे प्रदर्शन आहे,” बायको म्हणाली आणि स्वतः पुढे झाली. तिने डब्यांतून चमचे, कंगवे, टाचण्या काढून टेबलावर भिरकावल्या. पण शस्त्रक्रियागृहातला चार वर्षांचा हात. मागे होऊन बघते तो सगळं आकारमानाप्रमाणे रांगेत, दांडे उजवीकडे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिने फोन लावला.

“बाबा, असाल तसे या. घर राहतं करायचंय.”

तिचे वडील निवृत्त बसचालक. तीस वर्षं बसच्या सीटवर काढल्यामुळे, लागणारी प्रत्येक वस्तू हाताच्या टप्प्यात हवी, एवढीच त्यांची मांडणी. ते पाऊण तासात आले, छत्री दाराला अडकवली, टोपी पंख्याच्या बटणावर ठेवली आणि म्हणाले, “जावईबापू, चहा टाकता का? तुम्ही बसा, मीच टाकतो.”

चहाची पूड शोधायला त्यांनी एकोणीस डबे उघडले. एकही मिटला नाही. साखर सापडली तेव्हा तिच्याबरोबर कारकुनाच्या लग्नाचा फेटा, दोन बल्ब आणि टॉवेल निघाला. बल्ब त्यांनी लावले, टॉवेलने हात पुसले आणि तो खुर्चीवर टाकला. पलंग भिंतीतून ओढून काढला. वर्तमानपत्राचे चार भाग केले: एक वाचायला, एक टेकायला, एक कपाखाली, एक कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घड्याळ भिंतीवर आलं, जरा तिरकं.

“बाबा, ते तिरकं...” कारकून कळवळला.

“तिरकं असलं तरी वेळ सरळच दाखवतं हो, जावईबापू. आणि असे अवघडून का बसलात? पाहुणा मी आहे.”

कारकून पलंगाच्या कडेवर बसला. मग टेकला. मग, एकतीसपैकी एकाही सूचनेत तरतूद नसताना, आडवा झाला. शेगडीवर काहीतरी चुरचुरत होतं, बाप-लेक कुणाच्या तरी मागल्या लग्नातल्या भांडणावर खो खो हसत होते, आणि कारकुनाला चार महिन्यांत पहिल्यांदा आपल्या घरात गाढ झोप लागली.

पाचला निरीक्षक आले ते चपलेला अडखळूनच. पडता पडता सावरले आणि त्यांचा चेहरा फुलला.

“वा! माणसं राहतात की इथे!”

ते खुर्चीवर बसले. नेमके ओल्या टॉवेलावर. उठून त्यांनी मागून स्वतःला चाचपलं आणि तृप्त मनाने फॉर्मवर लिहिलं: ‘ओलावा प्रत्यक्ष अनुभवला. वास्तव्य सिद्ध.’ फॉर्मवर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं, तेच शिक्का म्हणून ग्राह्य धरण्यात आलं. फाटकाशी उभ्या बाईंनी टेप गुंडाळली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण निरीक्षकांचा अहवाल वर गेला, आणि वर गेलेली गोष्ट परिपत्रक होऊन खाली येते. सर्व गृहधारकांना ‘किमान पसारा’ सक्तीचा झाला: ओला टॉवेल एक, उष्टे कप दोन, न घडी केलेल्या कपड्यांची खुर्ची एक, कारण न सांगता येणारी वस्तू किमान तीन. समोरच्या शाखेने तातडीने पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली: ‘पसाऱ्याची साधी व सुबक मांडणी’. सूचना बासष्ट. सासरेबुवांना आसपासच्या इमारतींतून बोलावणी येऊ लागली. हल्ली ते आठवडाभर आधी सांगितल्याशिवाय कुणाकडे टॉवेल टाकायला जात नाहीत.

तुम्हाला हसू येतंय. येऊ द्या. पण परवा अचानक दाराची बेल वाजली, तेव्हा “आले आले, एक मिनिट!” असं ओरडून तुम्ही सोफ्यावरचे कपडे उचलून कपाटात कोंबलेत, कप पलंगाखाली सरकवलेत, मुलाच्या हातातली खडूची पेटी हिसकावलीत आणि हसऱ्या चेहऱ्याने दार उघडलंत. कडी काढेपर्यंत जी दोन मिनिटं गेली, तेवढा वेळ तुमच्या घरात कोणीच राहत नव्हतं.

निरीक्षकांनी तशी नोंद घेतली आहे. यादीतल्या पुढच्या बाई तुमच्या फाटकाशी आल्या आहेत. पडदे तुमचेच ठेवायचे म्हणतात.