तुळजारावांची राहून गेलेली लढत

तुळजाराव कुणाहीसमोर सरळ उभे राहत नसत. भाजीवाली असो, पोस्टमन असो, देवळातला गुरुजी असो, त्यांचा डावा खांदा पुढे, हनुवटी आत आणि उजवा हात छातीशी. तीर्थ घेतानाही ते तिरकेच वाकत. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा नमस्कार करायला नीट त्यांच्यासमोर गेलो, तर त्यांनी मला दंडाला धरून बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "समोर उभा राहिलास म्हणजे गेलास."

मी तेव्हा साताऱ्याहून मद्रासला नवा आलो होतो. जॉर्ज टाउनमध्ये एका सुताच्या व्यापाऱ्याकडे कारकून, आणि राहायला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन हे नाव ऐकून घरी वडिलांना वाटलं की पोरानं नशीब काढलं. प्रत्यक्षात ती एकट्या पुरुषांना खाटेच्या हिशेबानं भाड्यानं द्यायची इमारत. तिच्या मागच्या कौलारू घरात तुळजाराव एकटेच राहत. बायको वारली होती, मुलगी बंगळूरला दिलेली. हार्बरच्या कचेरीत नोकरी. पूर्वज कधीकाळी तंजावरला आले, तेव्हापासूनचं मराठी त्यांनी लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. 'मज', 'तुज', 'कशास' असं बोलत आणि मध्येच एखादा 'अय्यो' टाकत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "तुमचें मराठी नवें आहे रे. पिकायास वेळ लागेल."

एके काळी ते मद्रासचे बॉक्सिंगचे चॅम्पियन होते. बरीच वर्षं होते. मग चाळिशी उलटल्यावर रोझारियो नावाच्या एका अँग्लो-इंडियन गड्यानं त्यांना गुणांवर हरवलं. 'हरले' हा शब्द मात्र त्यांच्यापुढे चालत नसे. त्यांच्या मते पंचांनी घाई केली होती आणि लढत अजून संपायची होती. म्हणून त्यांना रोझारियोशी पुन्हा लढायचं होतं. यात एकच अडचण होती. पुढल्याच हंगामात एका पोरानं रोझारियोलाही आडवं करून चॅम्पियनपद नेलं होतं. म्हणजे जी गादी दोघांपैकी कुणाच्याही बुडाखाली उरली नव्हती, तिच्यासाठी हे दोघे पुन्हा लढणार होते.

आमच्या गल्लीला याचं काही वाटत नसे. गल्लीला वादाशी मतलब. तुळजारावांनी निवृत्त व्हावं की पुन्हा लढावं, यावर कोपऱ्यावरच्या कॉफी हॉटेलात सरळ दोन तट होते. लढावं म्हणणारे बहुतेक हडकुळे आणि पेन्शनर. दुसऱ्यानं मार खाण्याबाबत ते फार शूर. निवृत्तीच्या बाजूचे पुढारी आमचे बापट. बापट विमा कंपनीत होते आणि मद्रासच्या मराठी मंडळींची एक समिती चालवत. समितीला सत्कार करायला माणूस लागे, आणि मद्रासेत मराठी वीरांचा मोठा तुटवडा. आधीच्या वर्षी त्यांनी एका स्टेशनमास्तरचा सत्कार केला होता, गाड्या वेळेवर सोडल्याबद्दल. आता तुळजाराव एकदाचे निवृत्त झाले की बापटांचं वर्ष साजरं होणार होतं. शाल आणून ठेवली होती.

तुळजाराव मात्र दोन्ही तटांच्या हाती लागत नव्हते. पहाटे मॅन्शनच्या गच्चीवर दोरीच्या उड्या मारत, खालच्या मजल्यावरच्यांच्या अंगावर चुना पडे. निवृत्त व्हा म्हटलं की दंड दाखवत. मग तारीख धरू या म्हटलं की म्हणत, "थांब. अटी ठरल्या पाहिजेत की नाहीं?"

अटी ठरवायला दर रविवारी रोझारियो यायचा. पेरंबूरच्या रेल्वे वर्कशॉपातून नुकताच पेन्शनीत निघालेला, टक्कल पडलेला, बसक्या नाकाचा माणूस. त्याची बायको मुलांबरोबर इंग्लंडला गेली होती आणि हा थंडी सोसवत नाही म्हणून मागे राहिला होता. येताना बेकरीतले बन आणायचा. तुळजाराव सकाळपासून मटण शिजवत, डांगराची पचडी करत. जेवण झालं की दोघे ओसरीवर तिरके बसत, एकमेकांकडे खांदे करून, आणि तमिळमध्ये भांडत. ग्लोव्हज किती वजनाचे, फेऱ्या किती मिनिटांच्या, बँड आधी कुणासाठी वाजायचा. मी तुळजारावांच्या बाजूचा माणूस म्हणून साक्षीदार, तमिळ मी तिथंच शिकलो. एका रविवारी ठरलेली अट पुढल्या रविवारी मोडलेली असे. संध्याकाळी तुळजाराव त्याला बसपर्यंत पोचवायला जात, तेही भांडत.

हे असं दोनेक वर्षं चाललं. मग बापटांना एक युक्ती सुचली. त्यांनी लढतच घडवून आणायची ठरवलं. लढत झाली की तुळजाराव जिंकोत वा हरोत, त्याच स्टेजवर निवृत्ती आणि शाल. त्यांनी हॉल मिळवला, पंच गाठला, दोर आणवले, व्यापाऱ्यांकडून वर्गणी घेतली आणि कॉफी हॉटेलात येऊन तारीख जाहीर केली. दोन्ही तट एकदम खूश झाले. असं गल्लीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी तुळजाराव माझ्या खोलीवर आले. प्रथमच आले असतील. खाटेच्या कडेवर बसले, तेही नीट समोर तोंड करून. मला वाटलं, धास्तावले. वय झालेलं, मार बसायचा. मी धीर देत म्हणालो की रोझारियोही काही तरुण नाही, शिवाय त्याचा गुडघा दुखतो.

"मज ठाऊक आहे त्याचा गुडघा," ते म्हणाले. "तेल मीच देतों." मग खाटेची सैल दोरी ओढून ताणली. "लढाई झाली म्हणजे तो आइतवारीं कशास येईल रे?"

बरं, निवृत्ती जाहीर केली तर अटीच संपल्या, तीही सोय नाही. शेवटी मी म्हणालो की रोझारियोला असंच बोलवा की. जेवायला ये म्हणावं, गप्पा मारायला ये म्हणावं.

मी काही अशिष्ट बोललो असावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"असाच? असाच कोण येतो रे?"

लढतीआधी बापटांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. स्टेजवर एका बाजूला तुळजाराव, एका बाजूला रोझारियो, मध्ये हार घातलेले बापट. बापटांचं भाषण रंगात आलं तेवढ्यात तुळजाराव उठले आणि म्हणाले की रिंगचे दोर काथ्याचे आहेत, पाठ सोलते, सुताचे पाहिजेत. बापटांनी लगेच सुताचे कबूल केले. सुताचा व्यापारी समोरच बसला होता. तुळजारावांचा चेहरा पडला. ते रोझारियोकडे बघत राहिले.

रोझारियोनं टकलावरून हात फिरवला. मग तो गुडघा धरून हळूच उठला आणि म्हणाला की दोर कसलेही चालतील, पण हा पंच चालणार नाही. हा रावांच्या गल्लीत कॉफी पितो. बापट म्हणाले, पंच बदलू. त्यावर तुळजाराव गरजले की पंच बदलला तर मी रिंगमध्ये पाय ठेवणार नाही. रोझारियो म्हणाला, तो राहिला तर मी ठेवणार नाही. दोघे मुठी वळून एकमेकांवर गेले, मध्ये बापट, आणि प्रेक्षकांनी असा दंगा केला की खरी लढत झाली असती तरी एवढी मजा आली नसती. बापटांचा हार तुटला. लढतीसाठी घेतलेला हॉल पुढे एका जादूगाराला दिला गेला आणि शाल एका तबलजीला.

रविवारी रोझारियो बन घेऊन आला. पंचाचा प्रश्न आता मुळापासून विचारात घ्यायचा होता.

मी त्या आठवड्यात एका संध्याकाळी, मधल्याच वारी, मागच्या घरी गेलो. तुळजाराव दारात आले, डावा खांदा पुढे. काय काम काढलं, म्हणाले. माझ्या जिभेवर दोन-तीन कामं आली होती. मी म्हणालो, काही नाही, असाच आलो.

ते तसेच उभे राहिले. आत जाऊन खुर्ची आणली, ती धोतराच्या सोग्यानं पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

"बस," म्हणाले. "कॉफी टाकतों." आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज येत राहिले.