चार बूट, एक गालिचा

एकोणीसशे एकोणऐंशी साली आमच्या ह्यांनी मला शब्द दिला, की येत्या रविवारी गॅरेज रिकामं करून तुझ्या ताब्यात देतो. हे छापखान्यात मुद्रितं तपासत. ह्यांचा शब्द म्हणजे छापलेला शब्द, आणि छापलेल्या शब्दात किती चुका निघतात हे मी रोज ऐकत होते. तरी विश्वास ठेवला. गरज माझी होती.

माझा शिवणाचा वर्ग तेव्हा व्हरांड्यात भरायचा. बायका इतक्या खेटून बसत, की एकीने शेजारणीची ओढणी आपल्या परकराला टीप मारून जोडली आणि दोघी तशाच फाटकापर्यंत गेल्या. गॅरेज मिळालं असतं तर माझा वर्ग मोकळा श्वास घेणार होता. पण गॅरेजात सासऱ्यांची जुनी गाडी उभी होती. ती घरात मुक्काम ठोकलेल्या जावयासारखी होती. काम काही नाही, आणि 'हला' म्हणायची कुणाची छाती नाही.

अखेर गिऱ्हाईक मिळालं. आमचे दातांचे डॉक्टर गाडीवर भाळले. अट एकच घातली. "इंजिन मी बघून घेईन, पण आतला तो कुजका गालिचा नको. मला घाण सहन होत नाही."

"एका दुपारचं काम," हे मला म्हणाले. "जुना उपटायचा, नवा अंथरायचा. तू फक्त कडा शिवून दे."

जुना गालिचा खरोखरच एका दुपारी निघाला. त्याचा डिंक मात्र मागे राहिला. सासऱ्यांनी तो स्वतःच्या हातांनी लावला होता, आणि सासरे कोणतंही काम पुन्हा करावं लागू नये अशा बेताने करत. गाडीच्या तळाला काळपट पिवळा थर होता, वाळलेल्या गुळासारखा कडक. ह्यांनी माझं उलथनं नेलं. परत आणलं तेव्हा ते वाकलं होतं आणि डिंक होता तिथेच होता.

"रॉकेल," हे म्हणाले. "छापखान्यात शाई रॉकेलनेच निघते."

तळाला रॉकेल चोपडलं. डिंक थोडा मऊ झाला, पण निघायचं नाव घेईना. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अरे, रॉकेल कसलं लावतोस? लहानपणी तुझ्या केसांना फणसाचा चीक चिकटायचा तेव्हा मी काय लावत होते?"

"तेल. पण आई, हे केस नाहीत."

"तुझ्या डोक्यावर तरी आता कुठे आहेत?" म्हणत त्यांनी गोड्या तेलाची वाटी ओतली.

शनिवारी मोठे भाऊजी आले. गाडीत त्यांचाही निम्मा वाटा, म्हणून विक्रीला हजर राहायला. भाऊजींची सगळी नोकरी पोस्टात झालेली. पाकिटावरचं तिकीट न फाडता सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"डिंकाशी भांडायचं नसतं रे," ते ह्यांना म्हणाले. "त्याला वाफ द्यायची. आपण होऊन सुटतो."

"दादा, हे पाकीट नाही, गाडी आहे."

"डिंक तो डिंक. घरात किटली आहे ना?"

किटल्यांमागून किटल्या ओतल्या गेल्या. आता तळाशी जे काही तयार झालं होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. शेवटी राहवेना म्हणून मीही माझा उपाय सांगितला. कापडावर मेण सांडलं की वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. इथे मी इस्त्री फिरवली आणि कागदच डिंकात उतरला. कालचं अख्खं वर्तमानपत्र गाडीच्या तळाला चिकटून बसलं. हे खरवडायला वाकले ते बराच वेळ उठेनात.

"अहो, निघतंय का?"

"थांब जरा. ह्या मथळ्यात दोन चुका आहेत."

शेवटी ठरलं, की आता वर नवा गालिचा अंथरायचा. झाकलं की दिसत नाही. मी कडा शिवून दिल्या होत्या. पुढचा तुकडा ह्या दारापासून त्या दारापर्यंत सलग, मधल्या उंचवट्यावरून घोड्यावरच्या खोगिरासारखा बसणारा. अंथरल्यावर गाडी अशी दिसली, की मीसुद्धा मनातल्या मनात गॅरेजात यंत्रं मांडून टाकली.

रविवारी गाडी ढकलून उन्हात काढली. डॉक्टर नव्या बुटांत आले. भाऊजी स्टिअरिंगशी बसले, डॉक्टर शेजारी. भाऊजींनी गाडीचे गुण सांगायला घेतले आणि पोस्टातल्या माणसाच्या सवयीप्रमाणे एकही वगळला नाही. वरून ऊन तापत होतं. खाली रॉकेल, तेल, वाफ आणि सासऱ्यांचा डिंक ह्यांचं एकमत होत होतं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "घेतली समजा." आणि उतरायला पाय उचलला.

पायाबरोबर गालिचा उचलला गेला. गालिच्याबरोबर भाऊजींचे पाय उचलले गेले. भाऊजी म्हणाले, "अहो, काय करताय?"

"मी उतरतोय."

"मग मला का उतरवताय?"

भाऊजींनी आपल्या दाराकडे पाय ओढले, तसे डॉक्टर आत गेले. दोन दारं, चार बूट आणि एक गालिचा. "तुम्ही आधी," डॉक्टर म्हणाले. "छे, तुम्ही पाहुणे," भाऊजी म्हणाले. डॉक्टरांनी एक बूट काढून पाय खाली टेकवला, तर मोजाही चिकटला. भाऊजींना तर बुटाची नाडी दिसून बराच काळ लोटला होता. मध्ये पोट होतं.

"डॉक्टर, एका झटक्यात ओढा," हे म्हणाले. "हळू ओढलं की जास्त त्रास होतो."

"हे वाक्य माझं आहे," डॉक्टर दात आवळून म्हणाले.

सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या तेव्हा डॉक्टरांनी हात जोडले. शेवटी मी माझी मोठी कात्री आणली आणि आदल्या रात्री ज्या कडा शिवल्या होत्या त्यांच्या मधोमध गालिचा कापला. डॉक्टर आपल्या वाट्याचा गालिचा पायांत घेऊन फाटकाकडे निघाले. मागे वर्तमानपत्राचं पान फरफटत होतं. फाटकाशी वळून म्हणाले, "गाडी तुमच्याकडेच शोभते."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. हे गाडी परत आत ढकलत होते आणि शीळ घालत होते. इतक्या वर्षांत शीळ घालताना मी ह्यांना पाहिलं नव्हतं.

"शीळ कसली घालता? माझं गॅरेज गेलं."

"गेलं कुठे? गाडीत चार जणी आरामात बसतात. पाय ठेवायला फळी टाकून देतो."

आणि खरंच तसंच झालं. कापड बेतायचं बॉनेटवर, यंत्रं दोन्ही बाजूंना, आणि हातशिलाईवाल्या गाडीत. मागच्या सीटवर बसून गुंड्या लावायला बायकांची भांडणं होत. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी दोघींची आज स्वतःची दुकानं आहेत, आणि सपाट टेबलावर कापड नीट कापता येत नाही अशी दोघींची तक्रार आहे.

सासूबाई पुढे बरीच वर्षं सांगत, की तेल आणखी थोडं घातलं असतं तर निघालं असतं. भाऊजी गेले तेव्हा त्यांचे ते बूट अर्ध्या गालिच्यासकट माळ्यावर सापडले. वाफेने सोडवू म्हणून ठेवले असावेत. ह्यांना जाऊनही आता काळ लोटला. गाडी त्यांनी शेवटपर्यंत विकू दिली नाही, आणि त्या रविवारी पहाटे नव्या गालिच्याखाली आणखी किती रॉकेल ओतलं होतं ते मला कधी सांगितलं नाही.

डॉक्टर नव्वदीला आलेत. आमच्या गावात दुसरे दातांचे डॉक्टर नसल्यामुळे माझी कवळी त्यांनीच केली. मापं चोख घेतली, रंगही छान जुळवला. फक्त चिकटत नाही. मी तक्रार केली की ते खिडकीबाहेर बघत म्हणतात, "बाई, चिकटवायचं काही मी माझ्या दवाखान्यात ठेवत नाही."